कच्चं तेल उतरतं, मग आमच्या पंपावर पेट्रोल का उतरत नाही?

नंदुरबारहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "कच्चं तेल स्वस्त झालं अशा बातम्या अधूनमधून येतात, पण आमच्या पंपावरचा आकडा काही शंभराच्या खाली येत नाही. हाकेच्या अंतरावर गुजरातमध्ये तेच पेट्रोल नऊ-दहा रुपयांनी स्वस्त मिळतं. मग मधले पैसे जातात कुठे? पंपवाला खातो, कंपनी खाते, अरब देश खातात की सरकार? आणि आम्ही तिकडे जाऊन भरलं तर परवडतं का?"

मी शिरपूर तालुक्यात मुंबई-आग्रा महामार्गावर पंप चालवतो. वडिलांच्या काळापासून हाच धंदा आहे. हा प्रश्न माझ्याकडे नोझलपाशी उभं राहून लोक रोज विचारतात. "गुजरातमा स्वस्त शे, मग आठे काबर महाग?" दोन वाक्यांत सांगायचं तर पेट्रोल चढतं ते कच्च्या तेलामुळे आणि डॉलरमुळे. पण तेल उतरतं तेव्हा त्या उतारातला मोठा वाटा करात अडकतो, आणि हा कर किती ठेवायचा ते दिल्ली आणि मुंबई ठरवतात. आता हिशेब मांडतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहायची गरज नाही.

२०२४ च्या मे महिन्याचे आकडे घेतो, कारण त्या काळात दर बरेच दिवस स्थिर होते. वाहतूक धरून कंपनी पंपवाल्याला पेट्रोल द्यायची साधारण ५६ रुपये लिटरने. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क १९.९० रुपये. पंपवाल्याचं कमिशन पावणेचार रुपये. झाले ७९.६५. आता या सगळ्या रकमेवर महाराष्ट्राचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, २५ टक्के, म्हणजे आणखी १९.९०, आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये अधिभार. बेरीज १०४ रुपये ६७ पैसे. तेव्हा धुळे-जळगावकडे फलकावर दिसायचा तो आकडा याच्याच आसपासचा होता. यातले जवळजवळ ४५ रुपये कर आहेत. त्यातही बारकाईने बघा: राज्याचा व्हॅट केंद्राच्या शुल्कावरही लागतो. १९.९० चे २५ टक्के म्हणजे पाच रुपये. हे पाच रुपये निव्वळ करावरचा कर आहेत, त्यांच्या बदल्यात तेलाचा एक थेंबही मिळत नाही.

पंपवाल्याबद्दलचा संशय आधी मिटवतो. कमिशन ठरलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेट्रोलवर ६५ पैसे वाढले, त्याआधी ते कित्येक वर्षं जागचं हललं नव्हतं. त्यातूनच पोरांचे पगार, वीजबिल, बँकेचं व्याज आणि उन्हाळ्यात उडून जाणारं पेट्रोल भागवायचं. दर आम्ही ठरवत नाही. १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलू शकतो आणि तो कंपनीकडून येतो. मापात पाप करणारे पंप आहेत, ते मी नाकारत नाही. त्यासाठी प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे. मागा आणि मोजून घ्या. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतची घट-वाढ चालते, त्याहून जास्त कमी आलं तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करा. पण हा झाला मापाचा प्रश्न. आपल्याकडच्या १०४ आणि गुजरातच्या ९४ मधला फरक मापातून येत नाही.

तो येतो सीमेवरून. आपल्या खानदेशाइतकी स्पष्ट उदाहरणं क्वचितच कुठे बघायला मिळतील, कारण आपल्याला दोन राज्यांच्या सीमा लागून आहेत आणि दोन्हीकडे उलटं चित्र आहे. पश्चिमेला नवापूर. तिथलं रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरात पेट्रोलवर १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर घेतं. वरचीच ७९.६५ ची रक्कम घेऊन गुजरातचा कर लावा, आकडा ९४ च्या आसपास येतो. तेल तेच, केंद्राचा कर तोच, कमिशनही जवळपास तेच. बदललं फक्त राज्य. त्यामुळे नवापूर, नंदुरबार, तळोदा भागातली गाडी उच्छल किंवा निझरकडे निघाली की टाकी रिकामी ठेवून निघते. नवापूरकडचे आमचे पंपवाले बांधव वर्षानुवर्षं ओरडतात की पेट्रोलचं गिऱ्हाईक सीमेपलीकडे गेलं, हातात राहिलं फक्त डिझेल, कारण डिझेलमध्ये दोन राज्यांतला फरक किरकोळ आहे.

आता माझ्या बाजूला या. पळासनेर ओलांडलं की बिजासन घाट, पुढे सेंधवा, मध्य प्रदेश. तिथे पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि आणखी एक टक्का उपकर. हिशेब १०६ च्या पुढे जातो. डिझेलही रुपयाभराने महाग. म्हणून एमपी पासिंगचा ट्रक परत जाताना आमच्याकडे टाकी फुल्ल करतो. चारशे लिटरच्या टाकीवर रुपयाचा फरक म्हणजे चारशे रुपये, ड्रायव्हरच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे सुटतात. नवापूरचा पंपवाला ज्या महाराष्ट्राच्या करामुळे गिऱ्हाईक गमावतो, त्याच करावर माझ्या पंपावर शेजारच्या राज्यातलं गिऱ्हाईक येतं. यात अरब देशांचा काय संबंध? आखाती देशांनी नवापूरला एक आणि सेंधव्याला दुसरा भाव लावलेला नाही.

अर्थात कच्च्या तेलाची बाजू खोटी नाही. आपला देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, आणि ते डॉलरमध्ये. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. समजा तेल ८० डॉलरला आहे. डॉलर ६० रुपयांना होता तेव्हा, म्हणजे २०१४ च्या मध्याला, या भावाने लिटरभर कच्चं तेल ३० रुपयांना पडलं असतं. डॉलर ८५ झाला, जसा तो २०२४ च्या अखेरीस झाला, तर तेच तेल ४३ रुपयांना पडतं. तेलाचा भाव एक सेंटही न वाढता लिटरमागे १३ रुपये वाढले. टीव्हीवर बॅरलचा भाव दाखवतात, रुपयाची घसरण वेगळ्या बातमीत येते, आणि लोक दोन्ही जोडून बघत नाहीत. शिवाय देशातल्या रिफायनरीचं पेट्रोलसुद्धा आंतरराष्ट्रीय बाजारातल्या पेट्रोलच्या भावाशी बांधलेलं आहे. तेव्हा जग पेटलं की इथे झळ लागणार. २००८ च्या जुलैमध्ये तेल १४७ डॉलरपर्यंत गेलं, मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने ते पुन्हा १३० च्या पुढे गेलं. तेव्हा कुठलंही सरकार असतं तरी पेट्रोल स्वस्त ठेवायला कुणाच्या तरी खिशातून पैसे काढावे लागलेच असते.

माझं म्हणणं उताराबद्दल आहे. २०१४ च्या मध्याला तेल ११० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली आलं, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्श्यावर. त्याच काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६, केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवरचं शुल्क ९.४८ वरून २१.४८ रुपये झालं, डिझेलवरचं ३.५६ वरून १७.३३. दिल्लीत पेट्रोल ७१ वरून ६० च्या आसपास आलं, बस. कच्चं तेल पाऊण हिश्श्याने पडलं, गिऱ्हाइकाला पाचवा हिस्साही मिळाला नाही.

दुसरा प्रसंग मे २०२० चा. लॉकडाऊनमध्ये जगभर तेलाला विचारणारं कुणी नव्हतं, एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वायदेबाजारात भाव शून्याखाली गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. पंपावरचा आकडा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा होता, कारण तेल जेवढं उतरलं होतं तेवढंच करात जमा झालं. त्यामुळे ओरड झाली नाही. पण शुल्क आता ३२.९८ रुपये होतं, आणि जून उजाडला, तेल परत चढू लागलं, तशी त्या वाढलेल्या कराच्या वर रोजची दरवाढ सुरू झाली. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात पेट्रोल ११० च्या पुढे गेलं, त्याचं मूळ त्या मे महिन्यात होतं. त्या २०२०-२१ सालात केंद्राचं पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्काचं उत्पन्न सुमारे ३.७ लाख कोटी रुपये झालं, आदल्या वर्षी ते सव्वादोन लाख कोटींच्या आसपास होतं. तेव्हा सांगितलं जायचं की आधीच्या सरकारचे तेलरोखे, म्हणजे तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले कर्जाचे कागद, फेडायचे आहेत. ते रोखे खरे होते. दर दाबून ठेवून कंपन्यांना रोख्यांचा कागद देणं हे त्या वेळचं चुकीचंच धोरण होतं. पण त्यांची उरलेली मुद्दल सुमारे १.३ लाख कोटी होती, आणि ती २०२५-२६ पर्यंत हप्त्याहप्त्याने फेडायची होती. एका वर्षाचं शुल्क त्याच्या पावणेतीन पट होतं. रोख्यांचं कारण या हिशेबापुढे टिकत नाही.

नंतर कर उतरला, तेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये कमी झाले, मे २०२२ मध्ये आठ आणि सहा. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन-दोन रुपये वाढले, आणि पुन्हा पंपावरचा दर बदलला नाही, कारण तेल तेव्हा उतरत होतं. रीत तीच. (कपातीच्या बातमीने लोक खूश होतात, पंपवाल्याची मात्र झोप उडते. शुल्क डेपोतून माल उचलतानाच भरलेलं असतं. २०२१ च्या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी कपात जाहीर झाली. टाकीत दहा हजार लिटर डिझेल असलेल्याला रातोरात लाखाचा खड्डा पडला, आणि तो कुणी भरून दिला नाही.)

मुंबईचा वाटा आता बघू, कारण आपल्याकडे केंद्राला शिव्या देणारे राज्याला सोडून देतात आणि राज्याला देणारे केंद्राला. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये अधिभार लावला. दुष्काळ सरला, अधिभार राहिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचा महसूल बुडाला, तो भरून काढायला पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. जो माणूस दारूच्या थेंबाला शिवत नाही, त्याने मोटारसायकलच्या टाकीतून दारूचा महसूल भरला. पुढे थोडी कपात झाली, जून २०२० मध्ये परत दोन रुपये वाढले.

आणि मे २०२२ चा प्रसंग तर कागद-पेन घेऊन बसण्यासारखा आहे. केंद्राने आठ आणि सहा रुपये कमी केले, दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या राज्य सरकारने जाहीर केलं की आम्हीही व्हॅट कमी करतो, पेट्रोलवर २.०८ आणि डिझेलवर १.४४ रुपये. आता मुंबई शहरातला तेव्हाचा व्हॅटचा दर बघा (आपल्याकडच्या दरापेक्षा वेगळा): पेट्रोल २६ टक्के, डिझेल २४ टक्के. आठचे २६ टक्के किती? बरोबर २.०८. सहाचे २४ टक्के? १.४४. म्हणजे केंद्राचं शुल्क उतरलं की त्यावर बसलेला व्हॅट आपोआप उतरतो, तोच उतार कपात म्हणून सांगितला गेला. टक्केवारी तशीच होती. पंपावर वेगळं काही उतरलं नाही आणि गिऱ्हाईक आम्हाला विचारत राहिलं की राज्याची कपात तुम्ही का देत नाही. खरी कपात झाली दोन महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, सरकार बदलल्यावर. अधिभार १०.१२ वरून ५.१२ झाला, डिझेल तीन रुपयांनी उतरलं. तो पाच रुपयांचा उरलेला अधिभार आजही गुजरातच्या आणि आपल्या दरातल्या फरकाचा निम्मा भाग आहे.

राज्यं असं का वागतात याचं एक कारण आहे, आणि ते मला राज्यांच्या लोभापेक्षा मोठं वाटतं. केंद्राच्या १९.९० रुपयांतलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये होतं. बाकी सगळं विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर, कृषी उपकर. राज्यघटनेप्रमाणे उपकर आणि अधिभार राज्यांत वाटावे लागत नाहीत. वाटायचं ते १.४० मधलं ४१ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे ५७ पैसे. त्यात केंद्राच्या करांची वाटणी ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. भागाकार करा: लिटरमागे चार पैसेसुद्धा नाहीत. शिरपूरच्या माणसाने केंद्राला वीस रुपये दिले, त्यातले चार पैसे त्याच्या राज्याकडे वाटणीत परत आले. जीएसटी आल्यानंतर राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावे असे मोठे कर उरले ते इंधन, दारू आणि मुद्रांक शुल्क. मग टक्केवारीचा व्हॅट कोण सोडणार? टक्केवारीत आणखी एक सोय आहे. तेल चढलं किंवा केंद्राने शुल्क वाढवलं की राज्याची कमाई न मागता वाढते.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. कागदावर पेट्रोलचे दर २०१० च्या जूनमध्ये आणि डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मोकळे झाले. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ या काळात, उत्तर प्रदेशची निवडणूक चालू असताना, तेल भडकत असूनही दर एक पैसा हलला नाही. निकाल लागून गेल्यावर, २२ मार्चपासूनच्या पंधरवड्यात, दहा रुपये वाढले. त्यानंतर दर पुन्हा गोठले, एप्रिल ते सप्टेंबर २०२२ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींचा तोटा झाला. मग रशियाचं सवलतीचं तेल आलं, भाव उतरले, आणि २०२३-२४ मध्ये त्याच कंपन्यांनी सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला. गिऱ्हाइकाला मिळाले दोन रुपये, १५ मार्च २०२४ ला, लोकसभा निवडणूक जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी. तोटा सोसला तेव्हा त्यांनी आपल्याला वाचवलं हे मान्य. पण दर रोज बदलणार असं सांगून दोन वर्षं न बदलणं, आणि ते कोणत्या नियमाने हे कुणालाच न सांगणं, हे मला पटत नाही.

इथेनॉलचंही लोक विचारतात, विशेषतः आपल्याकडे मका पिकतो म्हणून. वीस टक्के इथेनॉल मिसळलं तर पेट्रोल स्वस्त का नाही? कारण इथेनॉल स्वस्त नाही. मक्यापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदर २०२४-२५ मध्ये ७१.८६ रुपये लिटर होता, करापूर्वीच्या पेट्रोलपेक्षा महाग. शेतकऱ्याला भाव मिळतो, परकीय चलन वाचतं, ते चांगलंच आहे. दर मात्र त्याने उतरणार नाही.

आता जीएसटी. पेट्रोल-डिझेल घटनेप्रमाणे जीएसटीतच आहे, फक्त कधीपासून लावायचा ती तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची आहे आणि ती ठरलेली नाही. सप्टेंबर २०२५ नंतरचा सर्वांत वरचा ४० टक्क्यांचा दर जरी लावला तरी वरच्या हिशेबात पेट्रोल ८४ रुपयांच्या आसपास येतं. म्हणजे दोन्ही सरकारांचे मिळून लिटरमागे वीस रुपये जातात. म्हणूनच तारीख ठरत नाही, आणि लवकर ठरेल असं मला वाटत नाही.

पण पेट्रोलपेक्षा डिझेलचं मला जास्त लागतं. रावेर-सावद्याहून केळीचा ट्रक दिल्लीला निघतो. जो ट्रकमालक भाड्यावर स्वतः जीएसटी भरतो, त्याला टायरवरचा जीएसटी त्यातून वळता करून घेता येतो. डिझेलवर भरलेल्या कराची मात्र कुठेच वजावट नाही, आणि भाड्यातला सगळ्यात मोठा खर्च डिझेलच. मग तो कर भाड्यात बसतो, भाडं व्यापाऱ्याच्या हिशेबात बसतं आणि व्यापारी ते केळीच्या भावातून कापतो. यावल-रावेरचा शेतकरी ट्रॅक्टरच्या डिझेलवर एकदा कर भरतो आणि केळीच्या भावातून दुसऱ्यांदा. निदान मालवाहतुकीच्या डिझेलला तरी वजावट मिळावी, ही मागणी खानदेशातल्या प्रत्येक खासदाराने लोकसभेत लावून धरली पाहिजे, पक्ष कोणताही असो.

कर नकोच असं मी म्हणत नाही. त्याच पैशातून माझ्या पंपासमोरचा चौपदरी रस्ता झाला. माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. राज्याने व्हॅट टक्केवारीत न घेता लिटरमागे ठरावीक रुपयांत घ्यावा, म्हणजे तेल भडकलं की कर भडकणार नाही. केंद्राने उपकरांचा मोठा भाग मूळ शुल्कात वळवावा, म्हणजे राज्यांना वाटा मिळेल आणि कपात न करण्याचं त्यांचं कारण संपेल. आणि तेल अमुक डॉलरच्या खाली गेलं तर कर किती वाढणार, वर गेलं तर किती उतरणार, हे आधी कागदावर जाहीर करावं.

राहिला शेवटचा भाग, गुजरातला जाऊन भरावं का. मुद्दाम जाऊ नका. मोटारसायकलच्या टाकीत दहा लिटर बसलं तर शंभर रुपये वाचतील, आणि जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर झाले तर लिटरभर जाळाल, म्हणजे तेवढेच गेले. कारचंही तसंच, पस्तीस लिटरवर साडेतीनशे वाचतात आणि पन्नास किलोमीटरला सव्वातीन लिटर लागतं. सुरतला, उकाईला कामाने जाताच आहात तर येताना जरूर भरा. कॅनमध्ये साठा करून आणू नका. विनापरवाना स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीस लिटर पेट्रोल बाळगता येतं, तेही विकायचं नाही, आणि प्लास्टिकच्या बाटलीत तर एक लिटरसुद्धा नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत, बंद घरात पेट्रोलची वाफ साचली की स्विचची एक ठिणगी पुरते.